नाव घेतल्याबिगर सही न्हाय

अंबाबाईची आन, जोतिबाच्या गुलालाची आन, आनि माझ्या दारातल्या दुभत्या म्हशीची आन घिऊन सांगतो, पोरींनो, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. खोटं निघालं तर उद्यापास्नं माझ्या चहात मीठ घाला. ज्याला इस्वास ठेवायचा न्हाय त्यानं आत्ताच उठावं आनि म्हशीला वैरन टाकून यावं. तेवढंच काम हुईल.

तर आपल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठाला एक गाव हाय. तिथं विठाबाई मगदूम म्हनून एक बाई. तोंडात सगळं दात हुतं तवा तिनं गावात बायकांची दूध संस्था काडली. आता दात कमी झाल्यात आनि सभासद वाढल्यात, पन अध्यक्ष तीच. तिच्यापुढं दुधातला फॅट लावनाऱ्याची, म्हंजे मोजनाऱ्याची, काय बिशाद हाय एक ठिपका इकडं तिकडं करायची.

संस्थेचं दुखनं एकच. दुधाची गाडी यायची ती सकाळी. सांजचं दूध किटलीत रातभर बसायचं, आनि उन्हाळ्यात बसल्या जागी नासायचं. त्या साली तर असलं ऊन पडलं की बयाबाईच्या म्हशीनं एका दुपारी सरळ ताकच दिलं. वर लोनी तरंगत हुतं. हसू नका, मी आन घेतलीया.

अशात सरकारची योजना आली. दूध गार ठेवायची टाकी, तीबी आनुदानावर. अर्ज कॉम्प्युटरवर भरायचा. विठाबाईनं सगळी कागदं गोळा केली, ठराव केला, खाली झोकात सही ठोकली. तिच्या सहीला शेवटाला एक लांब शेपटी हाय, म्हशीनं माशी हाकलावी तशी. ती शेपटी माराय तिला लई आवडायचं. पन कळलं की पेनची सही चालत न्हाय. डिजिटल सही लागती. ती पेनड्राइवसारख्या एका कांडीत भरून मिळती, ती कांडी कॉम्प्युटरला लावली की सही उमटती. आनि अध्यक्षाची सही अध्यक्षाचीच पायजे, दुसऱ्या कुनाची चालत न्हाय.

ही कांडी मिळवायच्या नादात दिस गेलं, आनि बगता बगता अर्जाची शेवटची तारीख उजाडली. सांजच्या सहापतोर सही न्हाय पडली तर टाकी गेलीच म्हनायची. परत योजना कवा येनार, ते सरकारलाबी ठावं नसतंय.

सकाळच्या वडापच्या जीपनं तिघं जयसिंगपूरला गेली. विठाबाई, संस्थेची उपाध्यक्ष बयाबाई, आनि विठाबाईचा नवरा गुंडू. गुंडूचं तिथं काय काम नव्हतं. "तुला एकटीला उन्हाचं कसं सोडू," म्हनला. बयाबाई बरूबर हाय, हे त्याला दिसत हुतं. खरं कारन भडंग. जयसिंगपूरचा तिखट चुरमुऱ्याचा भडंग दिसला की त्या मानसाला दुसरं काय सुचत न्हाय.

स्टँडाजवळ संघप्रिया कांबळे नावाच्या पोरीचं सेवा केंद्र हाय. दाखलं, अर्ज, लाइट बिल, सगळं तिथं. पोरगी हुशार, हात सारखा चालू, आनि म्हाताऱ्या मानसावर खेकसत न्हाय, हे मोठं. तिनं पंखा विठाबाईकडं वळवला आनि समजावून सांगितलं.

"आजी, मी तुमच्या मोबाइलवर एक लिंक पाठवते. त्यात तुमचा व्हिडिओ काढायचा. कॅमेऱ्यात बघायचं, पापण्या मिटायच्या, पूर्ण नाव सांगायचं आणि सहीसाठी मीच अर्ज केलाय असं म्हणायचं. सही देणाऱ्या कंपनीची माणसं तो बघतात, बाई खरी आहे का ते तपासतात. पास झालं की सही कांडीत येते."

"आनि न्हाय पास झालं तर?"

"का नाही होणार? नावच तर सांगायचंय. विठाबाई गुंडू मगदूम."

विठाबाईनं पदर सावरला. "मधलंबी सांगाय लागतंय व्हय?"

आता तुमाला वाटंल, नाव सांगायचं त्यात काय एवढं. पन विठाबाईनं लगीन झाल्यापास्नं नवऱ्याचं नाव सरळ असं घेतलंच नव्हतं. रेशन दुकानात नाव इचारलं की ती मागल्या बाईला कोपरानं ढोसायची, ती सांगायची. पोराला शाळेत घालायच्या आदी तिनं त्याच्याकडनं बापाचं नाव पाठ करून घेतलं, अ आ ई मागनं. मतदानाच्या खोलीत सायबानं इचारलं तर त्यालाच दम दिला, "कागद तुमच्या हातात, आनि वाचून मी दाखवू व्हय?"

तसं एकदा सुटलं हुतं तोंडातनं. नवीन लगीन, चुलीम्होरं भाकरी थापाय बसलेली, आनि नाव सटाकदिशी भाईर आलं. सासू उंबऱ्यातच उभी. त्याच सांजंला उसाची गाडी विहिरीवर कलंडली. बैल वाचलं, ऊस सगळा आत. आठ दिस त्या विहिरीचं पानी गोड लागत हुतं, गावात चहाला कुनी साखर घातली न्हाय. दुसरं कोन असतं तर म्हनलं असतं बरं झालं. पन सासू म्हनली, "बगितलंस? नाव घेतलंस आनि धन्याचा ऊस बुडाला." तवापास्नं त्या नावाला कुलूप. काडायचं तर उखाण्यातनं. उखाण्यात नाव घेतलं की बाधत न्हाय, गुळातनं गोळी दिल्यागत.

आनि उखाण्यात विठाबाईला तोड नव्हती. तिचा उखाना सुरू झाला की बायका भाजी निवडाय घ्यायच्या.

"तयार?" संघप्रियानं मोबाइल धरला. विठाबाईनं कॅमेऱ्यात बगितलं, खाकरली आनि चालू केलं.

"वाडीच्या घाटावर दत्ताची पालखी, कृष्णेच्या पान्यावर नाव चालली हलकी, म्हशीच्या शिंगाला बांधली झालर, दुधाच्या किटलीला पितळंची कॉलर, पहाटंच्या पारी उघडलं दार, पाटावर बसून काडली धार..."

मोबाइल टुंग करून बंद पडला.

"आजी, वेळ संपली," संघप्रिया म्हनली. "थोडाच वेळ चालतो तो."

"अजून धार काडून डेअरीत बी गेलो न्हाय. नाव पार फॅट लावल्यावर येतंय."

"अक्का," बयाबाई म्हनली, "तुझा नवरा येईपतोर सरकार बदलंल. बारका घे एकादा."

विठाबाईनं बारका जुळवला. पोरींनो, जागच्या जागी जुळवला, ध्यानात ठेवा.

"दुधात साखर, वर इलायची, गुंडूरावांचं नाव घेतो, घाई हाय सहीची."

संघप्रियाला एवढं हसू आलं की मोबाइल हालला. पन येळेत बसला. तिघींनी चहा पिला, तवर कंपनीचा निरोप आला. नापास. चेहरा दिसत न्हाय.

संघप्रियानं व्हिडिओ लावून बगितला. साखरंपतोर तोंड दिसत हुतं. इलायचीला मान खाली. आनि नावाच्या येळंला सगळा पदर तोंडावर, नुसतं नाकाचं टोक.

"आजी, हे काय?"

"मंग? नवऱ्याचं नाव घेताना मान वर करून कोन घेतंय? आमी काय निवडनुकीला उभं हाय?"

"मी माझ्या नवऱ्याला सम्राट म्हणूनच हाक मारते. भांडताना तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी."

"तुझं ठीक हाय बाई. तुझ्या सासूच्या विहिरीत ऊस पडला न्हाय."

तिसऱ्या येळंला बयाबाई मागनं पदर धरून बसली, तोंडावर येऊ न्हाय म्हनून. विठाबाईनं मान ताठ केली, पापन्या मिटल्या, उघडल्या, दुधात साखर घातली, इलायची घातली. सगळं चोख. आनि "गुंडूरावांचं" म्हनताच दारातनं भडंगाचा पुडा घिऊन एक मुंडकं आत आलं.

"काय गं, बोलावलंस?"

हा गुंडू कसा, तर कानाशी हलगी वाजली तरी त्याला पत्ता लागत न्हाय. वैरन सरली म्हनून बोंबलून सांगावं, त्यो म्हननार पाऊस कुठला. पन बायकूच्या तोंडातनं आपलं नाव निघालं, ते त्यानं रस्त्याच्या पल्याड, भडंगाच्या दुकानात ऐकलं. तिथनं पळत आला. बरूबर हाय, वर्साला एकदा ऐकाय मिळत असंल तर मानूस कान टवकारून बसनारच.

नापास. व्हिडिओत दोन मानसं.

ह्या खेपंला कंपनीतल्या मानसानं फोनच केला. संघप्रियानं स्पीकर लावला. त्यो म्हनला, "मॅडम, ते कविता वगैरे नको. आणि आधार कार्डावर नाव नुसतं गुंडू आहे, इथं गुंडूराव येतंय. जुळत नाही. जसं कार्डावर आहे तसं सरळ बोलायला सांगा. लिंक आता एकदाच उघडेल. मग उद्या नवीन घ्या."

"उद्या घिऊन काय करू?" विठाबाई फोनला म्हनली. "उद्या टाकी दुसऱ्याच्या दारात असंल."

फोन ठेवल्याला हुता.

बयाबाई म्हनली, "मी मागनं बोलतो. अक्का नुसतं तोंड हालवंल."

"आवाज तपासतात, मावशी," संघप्रिया म्हनली. "आणि पकडलं तर संस्थाच काळ्या यादीत जाईल."

भिंतीवरच्या घड्याळाकडं कुनी बगितलं न्हाय, पन समद्यांना ते दिसत हुतं. विठाबाई उठली आनि भाईर गेली.

दारात निंबाच्या सावलीला एक बाकडं हुतं. गुंडू त्याच्यावर बसला हुता, मांडीवर भडंग, आपन काय केलं हे न कळाल्यागत तोंड करून. विठाबाई बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. त्यानं पुडा तिच्याकडं सरकवला. तिनं तिकडं बगितलं न्हाय.

"झालं?" त्यो म्हनला.

"न्हाय."

"का?"

"तुमच्या नावाला आडलंय," ती त्याच्या कानाजवळ जाऊन म्हनली.

"माझ्या नावात काय वंगाळ हाय?"

"वंगाळ न्हाय. राव लावायचं न्हाय, उखाना घ्यायचा न्हाय. उगडंबोडकं घ्या म्हनत्यात."

गुंडूनं घास चावला, गिळला, इचार केला. "घे की मंग."

"घे की म्हनं. ऊस बुडाला तवा कुठं हुतासा?"

"विहिरीत. ऊस काडाय लागलो हुतो. आठ दिस रस पिलो. आजूनबी आठवला की तोंडाला पानी सुटतंय." त्यो तिच्याकडं वळला. "आईनं तेवढं ते बोलून ठेवलं. मला इचारलं असतंस तर म्हनलो असतो, दर वर्साला घे."

विठाबाईला हे ठावं नव्हतं. एवढी वर्सं कुलूप घालून बसली, आनि ज्याचं नाव त्यो आत रस पीत हुता. तिनं पुडा त्याच्याकडं परत ढकलला. मंग एकदम म्हनली, "तुमी घेतलंसा का कधी माझं?"

गुंडू पुडा खाली ठेवून बसला. त्यानंबी कधी घेतलं नव्हतं. बायकूला हाक मारायची त्याची रीत एकच, "कोन हाय का घरात?" घरात तर म्हनायचाच. पन रानात, जिथं घर न्हाय, छप्पर न्हाय, तिथंबी ऊसाच्या सरीत उभं ऱ्हाऊन "कोन हाय का घरात" म्हनून वरडायचा, आनि ही शेजारच्या सरीतनं "व्हय, आलो" म्हनत यायची. कुनाला त्यात काय वावगं वाटलं न्हाय.

"घ्या बगू," ती म्हनली.

"हितं? रस्त्यावर?"

"का, जयसिंगपुरात बंदी हाय?"

त्यानं इकडं बगितलं, तिकडं बगितलं. टोपी काडली, झटकली, परत घातली. तोंड उगडलं. आतनं भडंगाचा एक दाना तेवढा भाईर पडला.

"वि," त्यो म्हनला, आनि पानी मागितलं.

दारात बयाबाई आनि संघप्रिया येऊन उभ्या ऱ्हायल्या हुत्या. बयाबाई म्हनली, "भावजी, म्हैस वियाला बी एवढा येळ लावत न्हाय."

"तू गप गं," गुंडू म्हनला, आनि पानी पिऊन, तांब्या खाली ठेवून, समोरच्या सायकल दुकानाकडं बगत म्हनला, "विठा."

रस्त्यावरची एस.टी. निगून गेली. तिला विठा म्हननारी तिची आई तेवढी हुती, आनि आई जाऊन आता किती पावसाळं झालं. गावात ती विठाक्का, संस्थेत अध्यक्षबाई, नातवंडांची आजी. विठा कुनाची नव्हती. ते नाव एवढं दिस ह्या मानसाजवळ हुतं आनि त्यानं ते कुठं ठेवलं हुतं कुनाला ठावं.

"परत घ्या," ती म्हनली. "ऐकू आलं न्हाय."

ऐकू आलं हुतं. पल्याडच्या सायकलवाल्याला बी आलं हुतं.

"विठा," गुंडू म्हनला. दुसऱ्यांदा सोपं गेलं. "जा. टाकी आन."

ती उठली, पुड्यातला मूठभर भडंग तोंडात टाकला, आनि त्याला बोट दाखवून म्हनली, "आता आतनं कायबी ऐकू येऊ दे. हितनं हालायचं न्हाय. बाकडं धरून बसा."

धीर गार व्हायच्या आत ती खुर्चीत बसली. पदर कमरंला खोचला, म्हंजे तोंडावर यायचा प्रश्नच न्हाय. कॅमेऱ्याकडं तिनं असं बगितलं, फॅट लावनाऱ्यानं माप खाली धरलं की बगती तसं. संघप्रियानं बोट हालवलं.

"मी विठाबाई गुंडू मगदूम. सहीसाठी अर्ज मीच केलाय. बाई खरी हाय. ह्या बगा पापन्या."

आनि अशा मिटल्या, अशा उगडल्या की पंख्याचा वारा कमी वाटावा.

भाईर गुंडूनं दोन्ही हातांनी बाकडं धरलं हुतं. त्यो हालला न्हाय. बाकडं हाललं, पन त्यो न्हाय.

निरोप यायला लई येळ लागला न्हाय. पास. संघप्रियानं कांडी लावली, त्यात सही भरली. गुपित आकडं विठाबाईनं सोता दाबलं, बयाबाईला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मंग अर्ज उगडला, खाली जाऊन एका चौकटीवर क्लिक केलं, आनि तिथं बारक्या इंग्रजी अक्षरात नाव उमटलं, तारीख आनि येळसुद्धा.

"झाली सही," संघप्रिया म्हनली. "अर्ज गेला आजी."

विठाबाईनं चष्मा पुसून बगितलं. "ही माझी सही?"

"हो."

"शेपटी कुठं हाय?"

"हिला शेपटी नसते."

"बिनशेपटीची म्हैस," ती म्हनली. पन तिचा हात गप बसंना. बोटानं तिनं कॉम्प्युटरच्या काचंवर आपली सही गिरवली, आनि शेवटाला ती लांब शेपटी मारली, पार चौकटीच्या भाईरपतोर. संघप्रियानं नंतर ती काच पुसली का न्हाय, मला म्हाईत न्हाय.

परत येताना वडापमदी चौघांच्या जागंवर सात मानसं हुती. विठाबाई खिडकीतनं सारखी आभाळाकडं बगत हुती, कुठं काय कलंडतंय का म्हनून. वाटंत उसाचा एक ट्रॅक्टर आला. तिनं डोळं मिटलं. ट्रॅक्टर निगून गेला. डायवरनं हात बी केला.

पन नाव घेतल्याचा गुन आला तो आलाच. त्या सांजंला गावचं सगळं दूध किटल्यांत भरून ठेवलं, नेहमीसारखं. असलं ऊन की किटलीला हात लावला तर चटका. सकाळी बयाबाई नाक धरून झाकन काडाय गेली, तर दूध ताजं. गार. टाकी आली नव्हती, नुसता अर्ज गेला हुता, तरी एक थेंब नासला न्हाय. फॅट उलटा वाडला. गाडीवाल्यानं सोता सांगितलं, त्याला इचारा. त्यो आता नोकरी सोडून कबनूरला गेलाय, त्यामुळं गाठ पडायची न्हाय, पन इचारा.

खरी टाकी दिवाळीनंतर आली. हार घातला, नारळ फोडला, पेढं वाटलं. बायकांनी म्हनलं, अक्का, उखाना. तवा विठाबाईनं तो लांबलचक घेतला, वाडीच्या घाटापास्नं, आनि कुनी टुंग करून थांबवला न्हाय. गुंडू पार शेवटच्या वळीला बसलेला, आनि मधीच झोपलेला. नावाच्या येळंला बरूबर जागा झाला.

आता घरी त्यो परत "कोन हाय का घरात" म्हनूनच हाक मारतोय. सवय कुठं जाती. पन सांजच्याला धार काडताना कुनी आसपास नसंल, तर गोठ्यातनं कधी कधी विठा म्हनून ऐकू येतंय. म्हैस मान वळवून बगती, तिला वाटतंय आपल्यालाच.

तर हे असं. आन घेतली हुती म्हनून एक गोष्ट कबूल करतो, न्हायतर तुमी खरंच चहात मीठ घालाल. ताक देनारी म्हैस खरी. गोड विहीर खरी. बिनटाकीचं गार दूध खरं. ह्यातलं एकच मी मनचं घातलंय. त्या मानसाचं नाव गुंडू न्हाय. सांगायला काय तरी नाव पायजे म्हनून ते घेतलं, घ्यायला सोपं गेलं. खरं नाव त्या व्हिडिओत हाय, आनि अर्जावर बिनशेपटीच्या अक्षरात हाय, तिथं जाऊन बगा. मला इचारू नका. मी कॅमेऱ्यात बगून एकदा घेतलं, त्यात टाकी आली. उगंच सारखं घेत बसलो तर एवढ्या टाक्या ठेवायच्या कुठं?